मुलुंडची बावीस माणसं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. निवडणूक आली की तू अशी गप्प का होतेस, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने एकदा विचारलं होतं. तिला मी डोकं दुखतंय म्हणाले. तुम्हाला सांगते.

गेल्या लोकसभेला मी एक्झिट पोलचं काम घेतलं होतं. एका दिवसाचं. गळ्यात ओळखपत्र, हातात एजन्सीचा टॅब, आणि मुलुंडच्या एका शाळेबाहेर उभं राहून मत देऊन येणाऱ्याला विचारायचं — कुणाला दिलंत? आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत केवढं कौतुक झालं माझं! तिसऱ्या मजल्यावरच्या परबकाकांनी तर मला ‘टीव्हीवाली’ करून टाकलं.

पण सांगतं कोण? ऊन मी म्हणत होतं. लोक शाईचं बोट दाखवून हसायचे आणि रिक्षा धरायचे. सुपरवायझरचे फोनवर फोन — साठीच्या पुढच्या बायका कमी आहेत, तरुण पोरं कमी आहेत. शेवटी मी शेजारच्या सोसायटीच्या जिन्याखाली बसले आणि — भरून टाकले. बावीस फॉर्म. मनाने. माणसं रचली मी. बासष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. चौतीसचा रिक्षावाला. पहिल्यांदाच मत देणारी कॉलेजची मुलगी. सगळे ज्या बाजूचं सरकार येणार म्हणत होते, तिकडेच बहुतेकांची मतं टाकली.

तुम्ही म्हणाल, देशभरातल्या ढिगात बावीस म्हणजे दर्यामें खसखस. मीही स्वतःला तेच सांगत आले, आणि ते खरंही असेल. पण मला सांगायचंय ते हे नाहीच.

शेवटचा टप्पा संपला त्या शनिवारी संध्याकाळी सगळ्या चॅनेलांवर आकडे आले. मोठं बहुमत. सोमवारी शेअर बाजार उसळणार, असं जो तो म्हणायला लागला. रविवारी परबकाका खाली आमच्याकडे आले. काकूंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांनी फंडातले पैसे बाजूला ठेवले होते; एका गुडघ्यापुरते होते, दुसऱ्याला कमी पडत होते. सोमवारी सकाळी सरकारी कंपन्यांचे शेअर घ्यायचे, मंगळवारी निकाल लागला की विकायचे, असं त्यांच्या मनात होतं. माणूस भारी सावध. जन्मात कधी पळत बस पकडली नसेल त्यांनी. म्हणून तर आधी मला विचारायला आले.

“तू थंय गेल्लंस मां गो? ह्यां खरां आसता मां?”

जिन्याखालची ती माणसं माझ्यासमोर उभी राहिली. एक वाक्य पुरलं असतं — काका, त्यातले काही मी बसून भरलेत. एवढंच. का नाही म्हणाले? एजन्सीची भीती? छे. त्यांच्या नजरेत मी जी कुणी झाले होते ना, तीच मला राहायचं होतं.

“हो काका,” मी म्हणाले. “एकेकाला विचारून भरलंय.”

सोमवारी काकांनी सगळे पैसे शेअरमध्ये घातले. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली आणि बाजार कोसळला. दुपारी काकांचा धीर सुटला. मिळेल त्या भावाला सगळं विकून मोकळे झाले. आठवड्याभरात बाजार पुन्हा वर आला, पण तोवर त्यांचं त्यात काही उरलं नव्हतं. आधी एका गुडघ्यापुरते तरी होते — आता तेवढेही नाहीत. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर?

काकू अजून कठड्याला धरून, एका बाजूला वळून जिना उतरतात. एक पाय, मग दुसरा, मग थांबायचं. घरात कुठेही असले तरी मला ते ऐकू येतं. त्या बासष्टच्या शिक्षिकेला मी चेहरा दिला नव्हता. आता ती काकूंच्या चेहऱ्याने येते, तशीच पायरी पायरीने.

पहिल्या मजल्यावर, आमच्या दाराबाहेर, मी काकूंसाठी एक स्टूल ठेवलंय. परवा त्यावर टेकल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, “कोण करता गो दुसऱ्यासाठी इतक्यां?”

एक वाक्य तेव्हाही पुरलं असतं. मी म्हणाले, बसा काकू, पाणी आणते.