टीचरम्मा, ही बोलली पाहिजे!

मोबाईलची मेमरी भरली की फोटो डिलीट करता येतात. किस्स्यांचं काय करायचं? आमच्या रविवारच्या क्लासमध्ये ते असे साठलेत की आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी मूळची कोल्हापूरची. आठवडाभर चेन्नईच्या सिरुसेरीत सॉफ्टवेअर टेस्टिंग, आणि रविवारी एग्मोरजवळच्या मराठी मंडळात ज्येष्ठांना कम्प्युटर शिकवणं. बहुतेक सगळे तंजावरकडचे मराठी. मला ‘टीचरम्मा’ म्हणतात!

पहिल्याच दिवशी विचारलं, “कशाला शिकायचंय?” कुणाला ईमेल हवं होतं, कुणाला रेल्वेचं तिकीट. राव काका बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, “टीचरम्मा, ही बोलली पाहिजे!”

घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्या बायकोचा, कमला अक्कांचा, आवाज गेला होता. त्या पाटीवर लिहून बोलायच्या. पण काका त्यांना वाक्य पुरं करू देतील तर शपथ! अक्कांनी ‘मला कॉफी’ एवढं लिहिलं की काका जाहीर करणार, “तिला कॉफी नको!” अक्का कपाळावर हात मारून घ्यायच्या. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

काका जुने टायपिस्ट. वर्ड प्रोसेसरवर बोटं अशी धावली की मीच बघत राहिले. पण ओळ संपली की टाइपरायटरच्या सवयीने स्क्रीनला डावीकडून धक्का! चौथ्या ओळीला लॅपटॉप टेबलाच्या काठावर. मी झेप घेऊन पकडला, तर म्हणतात, “अय्यो, ओळ संपल्याची घंटी वाजलीच नाही!”

स्प्रेडशीट शिकवली त्या दिवशी मी बेरजा समजावत होते. अक्का शांतपणे चौकटी रंगवत होत्या. बघते तर पडदाभर कोलम, म्हणजे इकडची रांगोळी! मार्गळी महिन्यात दारात काढतात तसं, ठिपक्याला ठिपका जुळलेलं. त्यानंतर बेरजा कोण शिकतंय? सगळ्या बायकांना कोलमच हवं!

मग आयुध पूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी काकांनी तंजावरच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणे, “अण्णा, कुठे आहेस? नुसता अंधार!” मी सेटिंग्ज तपासल्या, ॲप काढून पुन्हा टाकलं. शेवटी अक्कांनी पदराने लॅपटॉपचा कॅमेरा पुसला. पूजेत त्यांनीच त्याच्यावर चंदन-कुंकू लावलं होतं!

आणि गेल्या रविवारी मी लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकलं, लिहिलेलं वाचून दाखवणारं. इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, पडद्यावर मराठी उमटतं, बटण दाबलं की आवाज. सगळा क्लास खुर्च्या ओढून जमला. काका “जमेल ना हो?” असं मला पुन्हा पुन्हा विचारत होते.

अक्का एकेक अक्षर शोधत टाइप करू लागल्या. काका लगेच वाकले. “तिला म्हणायचंय की...”

“काका, थांबा हो जरा!” मी ओरडलेच.

अक्कांनी बटण दाबलं. बाईचा खणखणीत आवाज आला: “तुम्ही पुष्कळ बोललात. आता माझी पाळी. मला कॉफी हवी आहे.”

काका डोळे पुसत दारापर्यंत गेले. मग परत आले, लॅपटॉपचा आवाज फुल केला आणि कॉफी आणायला गेले.