एक तरी चूक सांगा

"एकच चूक सांगा. छोटीशी सांगा. पण सांगा," मी म्हणाले.

खोलीत अठरा जण होते. सगळे कोरियातल्या शाळांमधून आलेले इंग्रजीचे शिक्षक. सगळे हातातल्या फॉर्मकडे टक लावून बघत होते. कुणी मान वर करेना. एसीचा काय तो आवाज.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात राहते. मूळची साताऱ्याची. तिथे हायस्कूलमध्ये सात वर्षं इंग्रजी शिकवलं, मग नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आले, पुन्हा शिकले आणि आता शिक्षकांना शिकवते. दर उन्हाळ्यात कोरियाहून सहा आठवड्यांसाठी एक बॅच येते. व्याकरण त्यांचं माझ्यापेक्षा पक्कं असतं. मुलांना वर्गात बोलतं कसं करायचं, हे मी त्यांना शिकवायचं असतं. निदान माझ्या अपॉइंटमेंट लेटरवर तसं लिहिलंय.

कोर्समध्ये प्रत्येकाचा एक डेमो लेसन असतो. वीस मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं. मग पीअर फीडबॅक. म्हणजे बरोबरीच्या लोकांनी फॉर्मवर दोन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये एक चूक. तो तिसरा कॉलम आठवडाभर कोराच येत होता. काहींनी 'परफेक्ट' लिहिलं होतं, एकाने नुसताच हसरा चेहरा काढला होता.

माझी बॉस डेबी. ती कधी चिडत नाही, 'आय वंडर' म्हणते. त्याची मला जास्त धास्ती. सकाळीच म्हणाली, "आय वंडर, हा कॉलम रिकामा का? हे फॉर्म फाइलला लागतात. असे कोरे असले तर आपण सर्टिफिकेट कशाच्या जोरावर देणार?"

"आज भरून घेते," मी म्हणाले. मोठी आली भरून घेणारी!

त्या दिवशी डेमो झाला होता पाक मॅडमचा. त्या बॅचमधल्या सगळ्यांत सीनियर. पन्नाशी उलटलेली, केस करडे, बोलणं कमी. कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. येत्या मार्चला त्या आपल्या शाळेच्या व्हाइस प्रिन्सिपल होणार होत्या. कॅफेटेरियात त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे सतरा जण काट्याला हात लावत नसत. हे मी रोज बघत होते. बघून "किती गोड!" म्हणत होते आणि आपलं सॅलड खात होते.

कुणीच बोलेना, तेव्हा मी सगळ्यांत लहान शिक्षिकेकडे वळले. तिचं नाव युन. सव्वीस-सत्तावीसची, हुशार, कुणी न सांगता सगळ्यांसाठी प्रिंटआउट काढून आणणारी.

"युन, तू सांग. इथे सगळे सारखे. नो सीनियर, नो ज्युनियर. धिस इज अ सेफ स्पेस."

सेफ स्पेस म्हणजे खरं बोललं तरी कुणाला त्रास होणार नाही अशी जागा. ती नुसती जाहीर करून होत नसते. ह्या विषयावर माझं स्वतःचं दीड तासाचं लेक्चर आहे, तरी बघा.

युन उठून उभी राहिली. कानापर्यंत लाल झाली. जमिनीकडे बघत म्हणाली, "मॅडमनी प्रश्न विचारले. आणि उत्तरंही त्यांनीच दिली. आम्हाला बोलायला वेळ मिळाला नाही."

अगदी बरोबर! मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. "एक्सलंट! बघा, इतकं काय अवघड होतं?"

पाक मॅडम किंचित वाकल्या, "थँक यू" म्हणाल्या, बॅग उचलून बाहेर गेल्या. ब्रेकला अजून अर्धा तास होता. तरीही मी डेबीला टेक्स्ट केला, 'ब्रेकथ्रू!' पुढे दोन उद्गारचिन्हं.

जेवणाच्या सुट्टीत युन कॅफेटेरियात दिसली नाही. ती मला लेडीज रूममध्ये सापडली, नळ सोडून रडताना.

"अगं, तू बरोबरच बोललीस की!"

"ते मला माहीत आहे, टीचर. पण मी आणि पाक मॅडम एकाच शाळेत आहोत. स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या शेजारी आहे. प्रिन्सिपलना सांगून त्यांनीच मला इथे पाठवलं. आता परत गेल्यावर मी तिथे कशी बसू? मार्चपासून तर त्याच व्हाइस प्रिन्सिपल."

"त्या रागावतील?"

"नाही. त्या काहीच म्हणणार नाहीत. कधीच. रोज शेजारी बसतील आणि काही म्हणणार नाहीत."

दोघी एकाच शाळेच्या! यादीत दोघींच्या नावापुढे शाळेचं नाव छापलेलं होतं. यादी मीच टाइप केली होती.

संध्याकाळी भाजी चिरताना मी सगळं लेकीला सांगितलं. रिया सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिने फोनवरून डोळेही न उचलता निकाल दिला. "आई, दॅट्स सो मीन. दॅट्स लाइक टेलिंग जोशी काका ही कान्ट सिंग. इन पब्लिक!"

जोशी काका आमच्या इथल्या मराठी मंडळात दर गणपतीला गातात. सुराशी त्यांची अजून गाठ पडायची आहे. गातात चाळीस मिनिटं. कुणी एक अक्षर बोलत नाही, कारण काका सगळ्यांत मोठे, आणि अमेरिकेत पहिल्यांदा आलो तेव्हा आम्हा सगळ्यांना एअरपोर्टवरून त्यांनीच आणलेलं. मी तर पहिल्या रांगेत बसून "वा काका!" म्हणते. गेल्या वर्षी "अजून एक होऊन जाऊ दे" असंही म्हणाले होते. आणि ही बाई परक्या पोरीला सांगते, नो सीनियर, नो ज्युनियर! लाज वाटली हो. भाजी करपली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पस बसच्या स्टॉपवर मी पाक मॅडमना गाठलं.

"चूक माझी आहे. युनची नाही. मी तिला सगळ्यांसमोर बोलायला भाग पाडलं. आय ॲम सॉरी."

त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "युन खरं बोलली. वर्गात शांतता झाली की मला भीती वाटते. म्हणून मीच उत्तर देऊन टाकते. तीस वर्षं देते आहे."

"मग तिला तेवढं सांगाल? तुम्हाला राग नाही म्हणून?"

"मी राग नाही म्हटलं की तिची खात्री पटेल, राग आहे."

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. मला सासूबाई आहेत.

बस आली. चढता चढता पाक मॅडम म्हणाल्या, "आज डेमो तुम्ही द्या. चूक मी सांगते. आधी मी, मग बाकीचे."

मला ही कल्पना फार आवडली, कारण माझ्यात सांगण्यासारखी चूक सापडायला त्यांना वेळ लागेल असं मला मनापासून वाटत होतं.

मी वीस मिनिटं शिकवलं. झकास शिकवलं, असं मला वाटलं. मग पाक मॅडम उठल्या आणि फॉर्म समोर धरून वाचू लागल्या.

"टीचर, तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच दुसरा विचारता. आम्ही पहिल्याचं वाक्य जुळवत असतो."

त्या खाली बसल्या आणि धरण फुटलं. मी उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच 'गुड जॉब' म्हणते. मी खिडकीकडच्या बाजूलाच बघते. मी 'शॉर्टमध्ये सांगते' म्हणून लांबण लावते. हसरा चेहरा काढणारा तो सज्जन माणूस म्हणाला, "वीसपैकी पंधरा मिनिटं तुम्हीच बोललात, टीचर." त्याने फोनवर मोजलं होतं! सगळे भराभरा लिहीत होते. तिसरा कॉलम संपला तसे कागद उलटे झाले.

युन तेवढी गप्प होती. पाक मॅडम तिच्याकडे वळल्या.

"युन, आमच्या दोघींत जास्त मोठी चूक कुणाची? माझी की टीचरची?"

त्यांनी विचारलं आणि थांबल्या. खूप वेळ थांबल्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरलेली मला दिसत होती. मध्ये बोलायची मला अशी उबळ आली की मी जीभच चावली.

शेवटी युन म्हणाली, "टीचरची. मॅडम, तुम्ही निदान उत्तर तरी बरोबर देता."

पाक मॅडम हसल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवत हसल्या. तेव्हा कुठे बाकीचे हसले. जेवायला दोघी शेजारी बसल्या आणि पाक मॅडमनी आपल्या ताटलीतला केकचा तुकडा युनच्या ताटलीत ठेवला.

पुढचे सगळे डेमो सुरळीत झाले. प्रत्येक वेळी पाक मॅडम आधी एक बारीकशी चूक सांगत, मग बाकीचे लिहीत. अठराच्या अठरा सर्टिफिकेटं गेली. डेबीच्या फाइलमध्ये माझ्या चुकांचे अठरा फॉर्म पाठपोट भरून आहेत, आणि माझ्या वार्षिक रिव्ह्यूला ती ते आवडीने काढते.

निघायच्या दिवशी मी युनला विचारलं, "मार्चचं काय?"

"मॅडमनी विचारलंय, आठवड्यातून एकदा त्यांच्या टेबलाशी बसून माझ्या तासातलं आणि त्यांच्या मीटिंगमधलं काय चुकलं ते बोलायचं का. सगळे घरी गेल्यावर, दार लावून."

"आणि तू सांगशील?"

"हो. पण आधी त्या माझी चूक सांगणार आहेत."

तर माझा धडा एवढाच. दुसऱ्याची चूक सांगायची तर दार लावून घ्यावं. स्वतःची ऐकायची असेल तर उघडं ठेवावं. माझं तेव्हापासून उघडंच असतं, आणि लोक फार उत्साहाने येतात.