घरचं मडकं

संग्रहालयातल्या एका कपाटासमोर आई थबकली. इराकमधल्या उर नावाच्या पुरातन शहराबाहेर कारागिरांची वस्ती होती, तिथं सापडलेल्या वस्तू आत मांडल्या होत्या. एका अंगाला कललेल्या मडक्याखाली लिहिलं होतं, ‘पूजेचं पात्र असावं.’

आई हसली. "कसली पूजा? भट्टीत वाकलंय ते. वाकडं कोण विकत घेतंय? घरात पाण्याला ठेवलं असणार."

आमची आई कुंभारीण. जन्म भट्टीपाशी गेला तिचा, तिचंच खरं असणार. त्या शहराच्या विटांवर राजाचं नाव आहे म्हणे. विटा भाजणारे मात्र धूर नको म्हणून वेशीबाहेर. आमचीही भट्टी गावानं धुरापायीच ओढ्यापलीकडे घालवली. नवरात्रात घट मात्र आमच्याच हातचे लागतात, आणि तेही बोटानं वाजवून, चारी अंगांनी निरखून घेतात.

पाटी चुकली आहे, हे तिथल्या साहेबांना सांगायला मी निघालो, तर आईनं बाही ओढली.

"राहू दे रे. आपल्या वाकड्याला कुणीतरी देवाचं म्हटलं."

घरी आल्यावर तिनं तांब्याभर पाणी दिलं. चुंबळीवरचं मडकं एका अंगाला कललेलं. सरळ मडक्यातलं पाणी मी आमच्या घरात अजून प्यायलेलो नाही.