मारीचाचा आवाज

रावण पंचवटीत एकदाच येऊन गेला, यावर साऱ्या जगाचा विश्वास आहे. माझ्या आत्याचा नाही. तिच्या मते तो अधूनमधून येतच असतो, कपडे तेवढे बदलतो. सीता गुंफेपासून चार गल्ल्या सोडून ती राहते आणि सीताहरण ही गोष्ट ती मागच्या आठवड्यात शेजारच्या बिऱ्हाडात चोरी झाली असावी तशी सांगते. "भर दुपारी आला होता मेला. घरात एकटी बाई बघून," असं म्हणून ती दाराची साखळी एकदा ओढून बघते. पोस्टाच्या खिडकीमागे समोरच्याची सही नमुन्याशी ताडून बघण्यात तिची सारी नोकरी गेली. काका गेल्यापासून ती एकटीच असते आणि आता ताडून बघायला सह्या नसल्यामुळे माणसं ताडून बघते.

दारात भिक्षेकरी आला की त्याची मुलाखत होते. नाव, गाव, गुरू कोण, मागचा मुक्काम कुठे, हात पुढे कर. उत्तरं जुळली तर खिडकीच्या गजांतून लांब दांड्याच्या पळीने पीठ. एकदा एक म्हातारा साधू दहा मिनिटं उत्तरं देऊन थकला आणि म्हणाला, "माई, मैं आटा लेने आया हूँ, नौकरी माँगने नहीं." त्यावर आत्या म्हणाली, "रावणही पीठच मागायला आला होता," आणि तिने पळीभर जास्त घातलं. दसऱ्याला आपण आपट्याची पानं घेऊन गेलो आणि "आत्या, सोनं घे" म्हणालो, की ती हात मागे घेते. "आधी पान आहे म्हण. चकाकतं म्हणून हरणामागे गेले, पुढचं सगळं रामायण त्यातनं झालं." मग मी पान आहे असं कबूल करायचं, तिने ते घ्यायचं आणि मला बासुंदी वाढायची, हा आमचा दरवर्षीचा दसरा.

बरं, देवांनाही सवलत नाही. शूर्पणखेचं नाक कापल्यामुळे आमच्या गावाला नाव मिळालं असं म्हणतात. आत्याला तो प्रकार अजिबात पसंत नाही. "बाईमाणूस दारात आलं तर नाव-पत्ता लिहून घ्यायचा आणि वाटेला लावायचं. नाक कशाला कापायचं?" काका होते तेव्हा ती वटपौर्णिमेला वडाला जायची, पण दोरा गुंडाळताना शेजारणीला म्हणायची, "यमाकडनं एवढे वर घेतले सावित्रीने, लेखी काहीच घेतलं नाही." आणि सात जन्म हाच नवरा मागताना, "त्यांनाही विचारलंय का कुणी?" अशी शंका काढायची. घरी हे कळलं की काका पेपरमागे हसायचे. ते गेल्यावर मात्र त्या दिवशी ती घराबाहेर पडत नाही. पडत नाही म्हणजे कुणी पडू नको म्हटलं म्हणून नव्हे. कुणी म्हटलं असतं तर मुद्दाम गेली असती.

तिचा खरा राग होता तो मारीचावर. रावणाने निदान स्वतःच्या तोंडाने भीक मागितली. मारीचाने रामाचा आवाज काढला. "आवाजावर कसा विश्वास ठेवायचा? आवाजाला सही नसते," असं ती म्हणायची. त्यामुळे खोट्या आवाजात फोन करून फसवणारे लोक आहेत असं पेपरात आलं, तेव्हा अख्ख्या गल्लीत धक्का न बसलेली ती एकटीच होती. तिला तसा एक फोन आलाही. "आत्या, मला पोलिसांनी धरलंय" असं कुणीतरी रडत म्हणालं. आत्या शांतपणे "मारीचा, ठेव फोन" म्हणाली आणि तिनेच ठेवला. पुढे महिनाभर गल्लीतल्या बायका तिच्याकडे सल्ल्याला येत होत्या.

मार्गशीर्षात मी कामासाठी सुरगाण्याला गेलो होतो. परतताना घाटातल्या वळणावर खडीवरून मोटरसायकल घसरली, पाय खाली आला आणि खिशातला मोबाइल माझ्याआधी गेला. मागून येणाऱ्या जीपवाल्याने मला उचलून कडेला बसवलं, स्वतःचा फोन पुढे केला. "बोला लवकर, रेंज जाती मंग." बायकोचा नंबर मला पाठ नव्हता. हे मी आता शांतपणे लिहितोय, घरी सांगताना शांतता नव्हती. पाठ होता तो एकच, लहानपणापासूनचा, आत्याच्या घरचा.

"आत्या, मी बोलतोय. अपघात झालाय, पाय मोडलाय. इंदिरानगरला हिला कळव."

पलीकडून पोस्टाच्या खिडकीवरचा तिचा आवाज आला, "तुझ्या आईच्या डाव्या हातावर काय गोंदलेलं होतं?"

मी डोळे मिटून आईचा डावा हात आठवायला लागलो. बांगड्या आठवल्या, पोळी लाटणं आठवलं, गोंदण काही आठवेना. "आत्या, डाव्या हातावर काही नव्हतं गं!"

"मग तू तो नाहीस."

जीपवाल्याने फोन ओढून घेतला. "ओ आज्जी, खरंच पाय मोडलाय यांचा. लय रगत गेलंय."

"मारीच एकटा नव्हता, माहिताय मला. तू कोण, रावण का?"

"नाय वं आज्जी, मी जीपवाला हाय!"

फोन बंद झाला. जीपवाला थोडा वेळ फोनकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "तुमचीच आत्या ना ही?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मला मागच्या सीटवर आडवं केलं. बसलेली चार माणसं न कुरकुरता उतरली. त्याने थेट नाशिकचा दवाखाना गाठला. बायकोला कळलं ते दवाखान्याने इंदिरानगरच्या पत्त्यावर माणूस धाडला तेव्हा, दिवेलागणीला. डॉक्टर तिला म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर पायाचं सांगता आलं नसतं.

आत्या पहिल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आली, हातात मेतकूट-भाताचा डबा. प्लॅस्टरकडे बघत खुर्चीवर बसली. मी चेष्टेचा सूर लावून म्हटलं, "काय, पटली का ओळख?"

"गोंदण उजव्या हातावर होतं," ती म्हणाली. "तुळस. काल पेटीतला जुना फोटो काढून बघितला. प्रश्नच चुकीचा विचारला मी."

मी काही बोलणार तेवढ्यात तिला रडू फुटलं. नोकरीत साहेबापुढे, काका गेले तेव्हा, कधीच मी तिला असं पाहिलं नव्हतं. "आवाज तुझा आहे हे मला पहिल्याच शब्दाला कळलं होतं रे," ती म्हणाली. "तरी फोन ठेवला."

चैत्रात रामनवमीच्या नवरात्रातलं कीर्तन ऐकायला आत्या मला म्हणाली, चल. मी काठी टेकत गेलो. बुवा चांगले रंगात आले होते, सीताहरणाचा प्रसंग. सीतामाईला मारीचाची हाक कळली नाही, लक्ष्मणाला टोचून बोलून तिने पाठवलं, मग रेषा ओलांडली, आणि बायकांनी यावरून काय शिकावं, इथवर ते आले आणि माझ्या शेजारी हालचाल झाली. आत्या उभी राहिली होती.

"बुवा, एक विचारते. ती हाक खरी असती तर?"

बुवा थबकले. "आजी, पण ती खोटी होती ना."

"ते तुम्हाला माहीत. तिला कुठं माहीत होतं? आपलं माणूस रानात ओरडतंय, एवढंच तिने ऐकलं. घरात बसून खात्री करत राहिली असती तर तुम्ही आज तिला शहाणी म्हणाला असता का? आणि भूक लागली म्हणणाऱ्याला वाढायला गेली, त्यात शिकवण्यासारखी चूक कोणती? शिकवायचं तर त्याला शिकवा, जो गोसाव्याचं सोंग घेऊन आला." मग ती माझ्याकडे वळली. "मी नाही धावले. मला हुशार ठरायचं होतं, म्हणून नाही धावले."

शेवटचं वाक्य माझ्याशिवाय कुणाला समजलं नसावं. पण मागच्या बायकांत कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं, मग आणखी कुणी. बुवांनी उपरण्याने कपाळ पुसलं, हात जोडले आणि म्हणाले, "आजी, बसा. पुढचं मी नीट सांगतो." आणि खरंच, त्या दिवशी त्यांनी सीतेला बोल न लावता कथा लंकेपर्यंत नेली.

बाहेर आलो तेव्हा भाजीबाजाराकडची गर्दी, रिक्षा, दुचाक्या सगळं एकमेकांत अडकलेलं होतं. आत्याने माझा दंड घट्ट धरला आणि मला पलीकडे नेलं, जणू तिची काठी मीच होतो. तेव्हापासून ही सवयच झाली आहे. माझा पाय केव्हाच बरा झालाय, काठी माळ्यावर गेलीय, आणि खरं तर रस्ता ओलांडताना आता तिचंच पाऊल अडखळतं. पण पंचवटीत तिच्याबरोबर निघालो की मी थोडा लंगडतो. तिच्या लक्षात आलं नसेल असं नाही. ती नुसतं "सावकाश" म्हणते आणि दंड सोडत नाही.