हाव म्हणणारा संचालक

मी गुणवंता, रिटायर मास्तर. सौंसरच्या शाळेत तीस वर्षं पोरायले मराठी शिकवली, आता पांढुर्ण्यात राहतो आन् एका कंपनीचा संचालक आहो. हसू नका. कंपनी आमची संत्रावाल्यायची, चारशे मेंबरची. कोल्ड स्टोअर आहे, आन् त्याच्या डोक्यावर आमी सात संचालक. माह्याजवळ संत्र्याची बत्तीस झाडं. तेवढ्यावर मेंबर झालो, आन् मास्तर लोकं भांडत नाईत म्हणून संचालक.

मी मीटिंगले निघालो का नलिनी, म्हणजे माही बायको, विचारते, "आज कायले हाव म्हणायले चालले?"

आमच्याकडे हाव म्हणजे हो. पण समोरचा बोलून राहिला आन् आपण ऐकून राहिलो, हे दाखवालेही हावच. त्यानं दम घेतला का हाव, खोकलला का हाव. पुस्तकातल्या मराठीत हाव म्हणजे लोभ, हे मीच पोरायले शिकवलं. बोर्डात मात्र त्याचा तिसराच अर्थ निघाला, मंजूर! अध्यक्ष दादाजी बोलत जात, मी आलूबोंडा खात हाव हाव करत जाई, आन् रजिस्टरात सरकारी हिंदीत चढे, 'सर्वसम्मति से पारित'.

दादाजी मोठे बागायतदार, हिकमती माणूस. खोटं काहून बोलू, त्यायच्याच जोरावर स्टोअर तीन वर्षं ठासून भरलं. पार बोरगावचा माल आमच्याकडे आला, पेपरात फोटो छापला. फोटोत मी डावीकडून दुसरा. कात्रण मी पाकिटात घेऊन फिरत होतो, कोणी न विचारता दाखवत होतो.

दसऱ्याच्या आधीच्या मीटिंगात आमची मॅनेजर गायत्री कागद घेऊन उभी राहिली. "थंडीच्या मशीनचा गॅस ज्या नळीतून जातो, तिचा व्हॉल्व्ह सडला आहे. गॅस सुटला तर वाजणारी घंटीही बंद आहे. सीझनच्या आधी आठ दिवस स्टोअर बंद ठेवा, सर. आत माणसं असतात."

दादाजी म्हणाले, "आठ दिवस बंद म्हणजे माल दुसरीकडे गेला. यंदा आपल्याले जिल्ह्यात पह्यला नंबर पाह्यजे. दहा वर्षं टिकला व्हॉल्व्ह, अजून चार महिने टिकन. का गुरुजी?"

गायत्रीनं माह्याकडे पाह्यलं. तिले वाटलं असन, मास्तर आहे, काहीतरी बोलन. मी आलूबोंड्यातली मिरची काढून राहिलो होतो. म्हणालो, "हाव." आन् सही ठोकली. माही सही मोठी झोकदार आहे.

डिसेंबरात सकाळी दहा वाजता व्हॉल्व्ह फुटला. घंटी वाजली नाई. आत बावीस माणसं क्रेट रचून राहिले होते. सावरगावच्या शालिकरामनं दार उघडून एकेकाले बाहेर ढकललं आन् स्वतः शेवटी निघाला. गॅसनं त्याचा उजवा डोळा गेला. डाव्याचं पट्टी सोडल्यावर समजन, असं नागपूरचा डॉक्टर म्हणाला.

आठ दिवसांनी दादाजीनं माह्या हातात एक कागद देला. "शालिकराम तुमचा विद्यार्थी आहे. पट्टीमुळं सही जमणार नाई, गोड बोलून याच्यावर त्याचा अंगठा आणा." गोड बोलणं हीच माही एक लायकी. त्याच्या घरी गेलो.

शालिकराम खाटेवर बसला होता, दोन्ही डोळ्यायवर पट्टी. त्याची बायको यमुना बाजूले. तो म्हणाला, "मले दिसत नाई गुरुजी, वाचून सांगा."

मी वाचलं. बोर्डाले या धोक्याची कोणीच खबर देली नव्हती, जे झालं ते मॅनेजरच्या चुकीनं झालं, असं त्यात होतं.

"तुमी बोर्डात आहा ना गुरुजी? खरंच नव्हती खबर?"

अरे देवा! तीस वर्षं मी प्रश्न विचारले होते, मले असा कोणी विचारला नव्हता. म्हणालो, "होती. गायत्रीनं उभं राहून सांगितलं होतं. मी आलूबोंडा खाऊन राहिलो होतो."

यमुना उठून आत गेली. मले वाटलं आता लाटणं घेऊन येते. ती वही-पेन घेऊन आली.

"मंग हेच लिहून द्या," शालिकराम म्हणाला.

लिहाले बसलो. लाज वाटली, रडू आलं, पण एकदा सुरू झाल्यावर हात थांबेना. मी कसा भित्रा, मी कसा खादाड, मले रातभर झोप कशी येत नाई, माह्या विद्येचा कसा उपयोग झाला नाई. दोन पानं झाली. झोकदार सही केली आन्, खरं सांगतो, मनातल्या मनात स्वतःले शाबासकीही देली.

यमुनानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शालिकराम मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मंग हळूच म्हणाला, "चांगलं लिहिलं गुरुजी. पण माहा डोळा गेला, हे कुठंच नाई यात."

मी वही घेऊन पुन्हा पाह्यलं. खरंच नव्हतं.