सुट्टीवर गेलेला पहारेकरी

मिरजेला डायलिसिसच्या वॉर्डात चार तास काढायचे म्हणजे काय, ते तिथं बसलेल्यालाच ठाऊक. आठवड्यातून दोनदा मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगलीहून घेऊन जायचे. ते यंत्राला जोडलेले, मी शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर. पहिले काही दिवस आम्ही दोघांनी पंख्याकडे बघून काढले. मग मी मोबाइलवर फुकट चित्रकथा शोधायला लागले. जादूच्या, राक्षसांच्या, तसल्या. शाळेत इंग्रजी शिकवणारी, केस पिकायला लागलेली बाई मी! पण खरं सांगते, जिथं रक्ताच्या रिपोर्टातला क्रिएटिनिन हा शब्दच नसेल असं काहीतरी मला हवं होतं.

फुकटातलं चांगलं शोधायचं म्हणजे भुसकटातून दाणा वेचायचा. निम्म्या ठिकाणी गोष्टीपेक्षा जाहिराती जास्त. काही कथा तिसऱ्या भागातच बंद, काढणाराच कंटाळून पळालेला. काहींत पोरींच्या अंगावर धड कपडा नाही. पार वैतागले. आणि मग ती एक सापडली. ढगांच्याही वर डोंगरावरचं एक राज्य, त्याच्या वेशीवर जाड कोटातला एक म्हातारा पहारेकरी. खालून राक्षस येवो नाहीतर भूत, हा भाला आडवा धरून चौकशी करणार. चित्रं अशी, की बघताना थंडी वाजावी.

आबांनी मान वळवली. "काय बगतीस गं एवढं?"

दाखवलं. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पेपराशिवाय दुसरं काही न वाचणारे. एका हातात सुया, त्यामुळं मोबाइल मीच धरायचा, चित्र वर सरकवायचं आणि इंग्रजीचं आपल्या भाषेत सांगायचं. माझा पहारेकरी राक्षसालाही आधी "जेवलास का रं?" विचारायचा. मूळ कथेत असलं काही नव्हतं. आबा खूश. "ह्याला ड्यूटी कळती," म्हणाले. मग त्यांचा हुकूमच निघाला, पुढचं घरी वाचायचं न्हाई, हितंच, दोघांनी मिळून.

तेव्हा आबांना ऑपरेशनची आस होती. माझी किडनी त्यांना द्यायचं ठरलं होतं. आधी किती नको नको केलं, पण एकदा तयार झाल्यावर लहान पोरासारखी वाट बघायला लागले. पाणी मोजून प्यायचं होतं ना! "ऑपरेशन झालं की तांब्याभर पानी एका दमात पिनार बग मी," हे रोजचं.

एका दुपारी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. हृदय फार कमजोर झालंय, ऑपरेशन करता येणार नाही. डायलिसिसही किती दिवस झेपेल सांगता येत नाही. मी आत आले.

"काय म्हनलं डॉक्टर?"

"अजून तपासण्या राहिल्यात."

इतक्या सहज खोटं बोलले, की माझीच मला शिसारी आली. पण त्या तोंडाकडं बघून खरं सांगायची छाती कुणाची होती? नंतर रोज तेच. तपासण्या चालू आहेत, रिपोर्ट यायचाय. आंघोळीला गेले की नळ मोठा सोडून रडून घ्यायचं आणि तोंड पुसून चहा टाकायचा.

दोन महिने असे गेले. आणि एका भागात पहारेकरी मेला. आधी वाचलेलं नसल्यामुळं मला सावरायला वेळच मिळाला नाही. दरड कोसळली, पुढच्या चित्रात बर्फ, आणि मग वेशीवर उभा असलेला दुसराच कुणी तरणा गडी.

"हितला म्हातारा कुटं गेला?"

"सुट्टीवर गेलाय," मी म्हणाले आणि चित्र भराभर वर सरकवलं.

"थांब. मागं घे."

घेतलं. आबा बराच वेळ बघत होते.

"ह्या पोराच्या अंगावर त्याचाच कोट हाय. असल्या बर्फात सुट्टीवर जानारा कोट ठिवून जाईल व्हय?"

मी मोबाइल खाली घेतला.

"फौजेत कोन गेला की पेटी घिऊन त्याच्या गावी जायाचं काम मला लागायचं. घरच्यांला आदी सांगितल्यालं असायचं, जखमी हाय म्हनून. आई दारात उबी. तिला वाटायचं लेक उतरतोय गाडीतनं. तसं सांगनाऱ्याचा लय राग यायचा मला."

यंत्र घरघरत होतं. शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती.

"आन माझ्या तपासन्या?" आबांनी विचारलं. "त्या बी सुट्टीवरच गेल्यात का?"

मग मी सांगितलं. हृदयाचं, ऑपरेशनचं, सगळं. मला वाटलं चिडतील, निदान डॉक्टरला तरी शिव्या घालतील. पाण्याचं त्यांनी नावही काढलं नाही.

"तुला कवा कळलं?"

"दोन महिने झालं, आबा."

त्यांनी मोकळा हात माझ्याकडं आणायचा प्रयत्न केला. मधे यंत्राच्या नळ्या होत्या, हात पोचला नाही.

"दोन म्हैनं," ते म्हणाले, "एकलीच रडत व्हतीस व्हय गं?"