लाल दिसलं आणि पोरगी हसली

होटगीच्या मंडळींनो, मी घर सोडलं त्या दिवशी तुम्ही सगळे रस्त्यावर उभे होता. शेजारच्या मल्लप्पानं विचारलं, “म्हातारपणी पोरीच्या पगारावर जगणार व्हय रं?” मी म्हटलं, “व्हय. तुज्या पगारावर तर न्हाय की.” आणि रिक्षात बसलो. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. सवयीनं एका कडेला सरकून बसलो, शेजारची जागा मोकळी ठेवून.

आता जुळे सोलापुरात लेकीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. शिल्पाचं अजून लग्न झालेलं नाही. घरात बसूनच ती पुण्याच्या कंपनीचं टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांनी बनवलेलं ॲप वापरून बघायचं, चूक सापडली की कळवायची. नाव टाक, पासवर्ड टाक, बटण दाब. उद्या परत तेच. मी रेल्वेत गँगमन होतो, रोज तोच रूळ बघत चालायचो. सातवी नापास असलो तरी एवढं समजलं.

मग कंपनीनं सांगितलं, हातानं तपासणं आता बंद. ज्याला ऑटोमेशन येईल तोच राहील. म्हणजे काय तपासायचं ते कोडमध्ये लिहून ठेवायचं, पुढचं मशीन करतं. पोरगी घाबरली. मीही. नोकरी गेली तर फ्लॅट सोडायचा आणि मला परत त्या घरात जायचं. तिथली चूल मला बघवत नाही, खरं सांगतो.

शिल्पा जिद्दीनं शिकली. तपासणी पास झाली की स्क्रीनवर हिरवं, नापास झाली की लाल. एक दिवस सगळं हिरवं आलं. मी शिरा केला. तेवढ्यात तिनं मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघितला, तरी हिरवंच. डोक्याला हात लावून म्हणाली, “अप्पा, मी मशीनला बटण दाबायला शिकवलं. पुढं काय आलं ते बघायला सांगितलंच न्हाय की.” शिरा तसाच गार झाला. तिनं सगळं परत लिहिलं.

कंपनीच्या साहेबांना दाखवायच्या दिवशी मी दारात उभा होतो. साहेब कॉलवर म्हणाले, “ॲपमध्ये मुद्दाम एक चूक घाला, मग चालवा.” स्क्रीन लालभडक. रेल्वेत जन्म गेलेला माणूस मी, लाल म्हणजे धोका एवढंच मला ठाऊक. आणि पोरगी हसत होती. “अप्पा, पकडली मशीननं चूक. साहेबांनी मला ऑटोमेशनच्या टीममध्ये घेतलं.”

हे बायकोला दाखवायला पाहिजे होतं. परसात दोडक्याला पहिलं फूल आलं तरी ती मला हाक मारायची, “इकडं या, बघा की.” ती गेल्यावर घरात कुणी काही बघायला बोलवत नव्हतं. आता शिल्पा बोलावते. ती दाखवते त्यातलं निम्मं मला कळत नाही. गॅस बारीक करून जातो आणि बघतो.